हातगाडी, फोड आणि मुंबईची एलिझाबेथ: एका पायोनिअर ट्रेकच्या तयारीचं प्रकरण

युटा राज्यातल्या लेहाय शहरात आमच्या भागातल्या वॉर्डने, म्हणजे मॉर्मन चर्चच्या स्थानिक मंडळीने, उन्हाळ्याचा ट्रेक जाहीर केला, तेव्हा माझ्याकडे मागणी अगदी साधी आली होती: “मुलांना तीन दिवस चालता येईल एवढं तयार करून द्या.” मी फिजिओथेरपिस्ट आहे, शेजारी राहते, या चर्चची सभासद नाही. माझ्याकडे गुडघे आणि कंबर घेऊन येणाऱ्या अर्ध्याअधिक मंडळींची मुलं या ट्रेकला निघालेली, म्हणून मी हो म्हटलं. तयारीच्या त्या अडीच-तीन महिन्यांचं आणि त्यातही मुख्यतः एका मुलीचं हे टिपण आहे. तिच्या आईवडिलांच्या संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत.

आधी थोडी ओळख. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, ज्यांना बाहेरचे लोक मॉर्मन म्हणून ओळखतात, त्यांची स्थानिक मंडळी म्हणजे वॉर्ड. अशा काही वॉर्डांचा मिळून स्टेक होतो. वॉर्डचा बिशप पगारी नसतो. तो दिवसा नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मंडळी सांभाळतो. ट्रेक स्टेकचा असतो, चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. आठ-दहा मुलांचं एक ‘कुटुंब’ करतात. त्यांना एक जोडपं ‘मा’ आणि ‘पा’ म्हणून मिळतं, एक लाकडी हातगाडी मिळते, आणि एकोणिसाव्या शतकातल्यासारखे कपडे घालून सगळे ती गाडी ओढत चालतात. तेव्हा चालत युटाला आलेल्या पूर्वजांची, म्हणजे पायोनिअरांची, ही आठवण.

आमचा स्टेक वायोमिंगमधल्या मार्टिन्स कोव्हला, खडकाळ टेकड्यांमधल्या एका आडोशाच्या जागी, जाणार होता. लेहायहून बसने साडेपाच-सहा तासांचा रस्ता. स्वीटवॉटर नदी, डेव्हिल्स गेट नावाची खडकातली चीर, जवळच इंडिपेंडन्स रॉक, आणि या सगळ्यांच्या मध्ये चर्चने १९९६ साली विकत घेतलेलं जुनं सन रँच. हातगाड्या तिथेच मिळतात.

मुलांना काय माहीत होतं

पहिल्या बैठकीत मी मुलांना विचारलं, तुम्ही हे कशासाठी करता आहात? उत्तरं भराभर आली: पूर्वजांनी हाल सोसले, ते कळावं म्हणून. पण ते हाल नेमके का झाले, हे फारसं कोणालाच सांगता आलं नाही. शरीराच्या तयारीला मला हेच कारण हवं होतं, म्हणून मी वॉर्डच्या इतिहास शिकवणाऱ्या बाईंना सोबत घेतलं.

त्यांनी मुलांपुढे जे मांडलं ते थोडक्यात असं. १८४६ च्या फेब्रुवारीत इलिनॉयमधल्या नॉवू गावातून या लोकांना निघावं लागलं. २४ जुलै १८४७ ला त्यांचे नेते ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. युटात तो दिवस आजही सुट्टीचा आहे. पुढे १८६९ मध्ये रेल्वे जोडली जाईपर्यंत साधारण ७० हजार लोक या वाटेने आले आणि त्यातले बहुतेक बैलगाड्यांनी आले. हातगाड्यांचा काळ फक्त १८५६ ते १८६० असा होता: दहा काफिले, सुमारे तीन हजार माणसं. त्याचं कारण पैसा. युटात पिकं बुडाली होती, स्थलांतराला मदत करणारा निधी आटला होता, आणि बैल व मोठी गाडी घेण्यापेक्षा हातगाडी कितीतरी स्वस्त पडत होती. पाच माणसांत एक गाडी, वीस माणसांत एक तंबू, मोठ्या माणसाला १७ पौंड म्हणजे पावणेआठ किलो सामान, आणि दिवसाला एक पौंड पीठ.

दहापैकी आठ काफिले मोठा अनर्थ न होता पोचले. ज्या दोघांचे हाल झाले ते विली आणि मार्टिन यांचे काफिले, दोन्ही १८५६ चे. इंग्लंडहून जहाजं उशिरा सुटली. आयोवा सिटीत गाड्या तयार नव्हत्या, आणि ज्या झाल्या त्या ओल्या लाकडाच्या. कोरड्या हवेत त्या आवळत गेल्या, आस झिजले. नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला होता. तिथे लिव्हाय सॅवेज या माणसाने उभं राहून सांगितलं की एवढ्या उशिरा म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन पुढे जाऊ नका, हिवाळा इथेच काढा. त्याचं ऐकलं गेलं नाही. तरीही तो काफिल्यासोबत निघाला आणि शेवटपर्यंत राबला. बैलगाड्यांत मावेना म्हणून प्रत्येक हातगाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं आणखी चढलं. १९ ऑक्टोबरला बर्फाचं वादळ आलं. तोवर पिठाचा वाटा पाऊण पौंड, मग अर्धा आणि त्याहूनही खाली उतरला होता. दोन्ही काफिल्यांत मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली. ब्रिगहॅम यंग यांना ४ ऑक्टोबरच्या रात्री बातमी कळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर सभेत मदत मागितली आणि ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. त्या निघाल्या नसत्या तर मेलेल्यांचा आकडा कितीतरी मोठा असता.

एक मुलगा म्हणाला, “म्हणजे उशिरा निघाले म्हणून?” बाई म्हणाल्या, हो, मुख्यतः म्हणूनच. मुलांचा चेहरा थोडा उतरला, पण मला ते आवडलं. पूर्वजांवरची श्रद्धा कारण कळल्याने कमी होत नाही. आणि ‘सोसणं हेच पुण्य’ एवढंच मनात धरून निघालेलं पोर पायाला फोड आला तरी बोलत नाही, हे मी अनुभवाने जाणते. शिकत असताना पालखीच्या वाटेवरच्या आरोग्य शिबिरात मी काम केलं आहे. माउलींच्या नावाने चालणारा वारकरी टाच सोलून निघाली तरी बसायला तयार नसायचा. तोच स्वभाव मला इथे चौदा वर्षांच्या मुलांत दिसत होता.

ती मुलगी

पंधरा वर्षांची. आईवडील दोघंही मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे लेहायला आलेले, आणि काही वर्षांपूर्वी इथल्या वॉर्डमध्ये दाखल झालेले. मुलगी अभ्यासात हुशार, खेळात जेमतेम. धावलं की धाप लागणारा दमा. घरात गोमांस येत नाही. ती अंडंही खात नाही.

तिच्या आईने मला फोन केला. “ताई, तिला जायचंच नाहीये. दम्याचं निमित्त सांगते, पण तेवढंच नाही वाटत मला. तुम्ही बोलून बघा.”

मी बोलले. पहिल्या भेटीत दमाच पुढे आला. वायोमिंगमध्ये वारा सतत असतो, वाट धुळीची, आणि दहा-बारा गाड्यांच्या मागे चालायचं म्हणजे पुढच्या सगळ्यांची धूळ आपल्या नाकात. ही भीती खरी होती, त्यात बहाणा नव्हता. मी तिला तिच्या डॉक्टरांकडून लेखी योजना आणायला सांगितलं: श्रम सुरू होण्याआधी इनहेलर कधी घ्यायचा, धाप लागली तर किती फवारे, किती वेळ वाट बघायची, आणि कधी थेट रुग्णवाहिका. त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक तिच्या खिशात, एक तिच्या ‘मा’कडे, एक प्रथमोपचाराच्या पेटीत. इनहेलर दोन, त्यातला एक कायम अंगावर. सगळ्या मुलांचं सामान पाच गॅलनच्या झाकणाच्या बादलीत असतं, झाकणावर बसताही येतं, पण चालताना ती बादली गाडीच्या तळाशी दबलेली असते. औषध तिथे ठेवायचं नाही, हे मी जमलेल्या प्रत्येक मुलाला बजावलं.

दुसरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघाली. प्रत्येक मुलाला ट्रेकवर एका पूर्वजाचं नाव घेऊन चालायचं असतं. नाव, जन्मगाव, कोणत्या काफिल्यातून आले, एवढं एका कार्डावर लिहून ते गळ्यात घालतात. तिच्या वर्गातल्या मुलींकडे अशी नावं चार-चार होती. “मावशी, त्यांची पणजीची पणजी त्या वाटेने आली. माझी पणजी भोरला होती. मी कोणाच्या नावाने चालू? मला कोणाचं तरी नाव देतील, पण ते दिलेलं असणार ना.”

यावर मी लगेच काही उत्तर दिलं नाही. गाडी ओढायची ताकद मी शिकवू शकत होते. हे मला शिकवता येण्यासारखं नव्हतं. पण हे मोकळं सोडलं तर बाकीची तयारी वाया जाणार, हे दिसत होतं. वॉर्डमध्ये मुलांचे गट सांभाळणाऱ्या तिच्या नेत्यांनीही ते गांभीर्याने घेतलं. ‘अगं, तू पण आमच्यातलीच’ असं म्हणून ते तिला गप्प करू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांनी तिला चर्चच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावरची काफिल्यांतल्या प्रवाशांची यादी दाखवली आणि म्हणाले, स्वतः शोध.

मुंबईहून विलीच्या काफिल्यात

तिने शोधायला सुरुवात केली ती गावांच्या नावांवरून. आणि सापडली एलिझाबेथ झेवियर टेट. जन्म हिंदुस्थानात, मुंबईकडचा. नवरा विल्यम टेट, ब्रिटिश लष्करातला.

तिने मला रात्री नऊला फोन केला. “मावशी, ही बाई तर आपल्याकडची!”

झेवियर हे नाव वसईत आणि गोव्यात आजही कानावर पडतं; तिथली माणसं तिला नातलग मानायला वेळ लावणार नाहीत. मग आम्ही तिघी, ती, तिची आई आणि मी, जेवढं मिळेल तेवढं वाचत बसलो. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला होता. नंतर त्याचा भाऊही आला. फिंडलेने पुण्यात छोटीशी मंडळी उभी केली आणि तो मराठी शिकला. ऐकणारे बहुतेक लष्करातले गोरे शिपाई आणि त्यांची कुटुंबं होती. मंडळी काही वाढली नाही आणि दोन-तीन वर्षांत हे लोक परतले. एलिझाबेथ आणि विल्यम हे या काळातले. विल्यम आधी युटाला गेला. एलिझाबेथ तान्ही मुलगी घेऊन मागाहून निघाली: हिंदुस्थानातून इंग्लंड, तिथून अमेरिका. ती लेक अमेरिकेत पोचल्यावर गेली. त्यानंतर ती बाई विलीच्या काफिल्यासोबत चालत निघाली, वादळात सापडली, वाचली, युटात पोचली. पुढचं आयुष्य दक्षिणेकडच्या सीडर सिटीत गेलं.

मुंबईच्या हवेत वाढलेली बाई वायोमिंगच्या बर्फात. पुण्याच्या आईला बोलता येईना. मुलगी मात्र अगदी कामाचं विचारत होती: तिच्या पायात काय असेल? किती कपडे असतील? तिला थंडी म्हणजे काय हे तरी माहीत होतं का? याच प्रश्नांपासून ती खऱ्या अर्थाने तयारीला लागली. तिने कार्डावर नाव लिहिलं, आणि त्याखाली स्वतःच्या मनाने देवनागरीतही लिहिलं.

हे नातं रक्ताचं नाही, हे तिला माहीत होतं. ती मला म्हणाली, “ती माझी पूर्वज नाही, पण तिच्या आधी इथे आपलं कोणी नव्हतं ना?” माझ्या मते असं नातं धरायला तिला पूर्ण हक्क आहे. ट्रेकच्या तयारीत हा भाग शेवटच्या आठवड्यात उरकायचा सोपस्कार होतो. तो पहिल्या आठवड्यात यायला हवा. ज्यांच्या घरी त्या काळचं कोणी नाही अशी मुलं आता जवळजवळ प्रत्येक वॉर्डमध्ये आहेत. आमच्याच स्टेकमध्ये टोंगाहून आलेली कुटुंबं होती, मेक्सिकोची होती. कोणी आपल्या घरात चर्चमध्ये पहिल्यांदा आलेल्या आजीचं नाव घेतलं, कोणी बचावाला धावलेल्या गाडीवानाचं. दोन्ही चालतं.

पाय

आता माझ्या विषयाकडे. चालण्याची तयारी दहा-बारा आठवड्यांची. आठवड्यातून तीनदा चालणं, एक लांबचं. अंतर हळूहळू वाढवत नेणं. शेवटच्या आठवड्यात कमी. सांगायला सोपं, पण मुलांच्या परीक्षा, वाढदिवस, खेळाचे सामने मध्ये येतात. आम्ही शनिवारी सकाळी सगळ्यांना एकत्र चालवलं, तेव्हाच ते टिकलं.

बुटांची सगळ्यात जास्त काळजी. आया शेवटच्या आठवड्यात नवेकोरे बूट घेऊन येतात, प्रेमापोटी. नवा बूट म्हणजे पहिल्या दुपारी टाचेला फोड. मी तारीख ठरवून दिली: या तारखेनंतर घेतलेला बूट ट्रेकला घालायचा नाही. मोजे लोकर मिसळलेले, दोन पदरी. निव्वळ सुती नकोत, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओली कातडी लवकर सोलते. नखं दोन-तीन दिवस आधी, सरळ कापायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथे चुरचुरायला लागलं तिथेच थांबायचं. फोड यायच्या आधी कातडी तापते, लाल होते. त्या पाच मिनिटांत कापडी चिकटपट्टी लावली तर पुढचे दोन दिवस वाचतात. मी प्रत्येक मुलाला स्वतःच्या टाचेला पट्टी लावायला लावली: कडा गोल कापायच्या, सुरकुती पडू द्यायची नाही, वर मोजा हळूच चढवायचा. मुलं हसली, एकमेकांचे पाय बघून नाकं मुरडली, पण शिकली.

स्वीटवॉटर ओलांडायचा प्रसंग ट्रेकमध्ये असतो. उन्हाळ्यात पाणी फार नसतं, पण बूट भिजतात, आणि भिजलेल्या बुटात पुढचे चार-पाच किलोमीटर म्हणजे फोडांना आमंत्रण. त्यामुळे नदीसाठी जुने बूट वेगळे, पलीकडे पाय पुसून कोरडे मोजे. नेत्यांपैकी काहींना वाटत होतं की यामुळे प्रसंगाचा गंभीरपणा जाईल. तो गेला नाही.

गाडीचंही तंत्र आहे. रिकामी गाडीच जड असते. त्यावर दहा बादल्या, बिछाने, पाण्याचे पिंप चढले की उतारावर ती माणसांना ढकलत नेते. चढावर पुढच्यांनी खुब्यातून पुढे झुकून छोटी पावलं टाकायची, कंबरेतून वाकायचं नाही. उतारावर मागे दोर बांधून दोघा-तिघांनी धरायचं. चाकाजवळ पाय न्यायचा नाही, चालत्या गाडीवर चढायचं नाही. जागा दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलायच्या. एका शनिवारी आम्ही उसनी गाडी आणून कच्च्या रस्त्यावर सराव केला, तेव्हा सगळ्यात दणकट मुलं पहिल्या अर्ध्या तासात दमली, कारण ती जागा सोडायला तयार नव्हती.

पाणी, कपडे आणि न बोलली जाणारी गोष्ट

जून २०१६ मध्ये ओक्लाहोमातल्या अशाच एका ट्रेकमध्ये उन्हाच्या त्रासाने एका प्रौढ स्वयंसेविकेचा जीव गेला होता. मी हे मुलांना सांगितलं, घाबरवायला नाही तर मोठ्यांनीही ऐकावं म्हणून. ‘मा’ आणि ‘पा’ स्वतःचं पाणी विसरतात. मुलांमागे धावताना त्यांचंच लक्ष राहत नाही. डोकं दुखणं, मळमळ, अंगाला काटा, इथेच थांबवून सावलीत आणायचं. बोलणं असंबद्ध झालं तर अंगावर पाणी ओतून आधी शरीर थंड करायचं आणि त्याच वेळी मदत बोलवायची. घोट घोट, वारंवार; सोबत मीठ असलेलं खाणं, कारण नुसतं पाणीच पाणी पिणंही घातक ठरतं.

आता मुलींचं. लांब घागरा, आत विजार, पूर्ण बाह्या, डोक्याला हनुवटीखाली बांधायचं कापडी बॉनेट. सैल सुती असेल तर हा पोशाख उन्हात वाईट नाही. बॉनेटची सावली तर टोपीपेक्षा चांगली. अडचण निराळीच आहे. मुली मुद्दाम पाणी कमी पितात, कारण घागरा सावरत फिरत्या शौचालयात जायचं त्यांना नको वाटतं. आणि पाळी. तयारीच्या यादीत सनस्क्रीन होतं, शिट्टी होती, दाढीचं सामान होतं, पॅड नव्हते. नेत्यांमध्ये बायकाही होत्या, पण विषय निघत नव्हता. मी मुलींची वेगळी बैठक मागितली आणि सगळं स्पष्ट बोलले: तीन दिवसांचं सामान अंगावरच्या कापडी पिशवीत, काळी पिशवी टाकण्यासाठी, दुखलं तर गोळी कोणाकडे मागायची, आणि प्रत्येक शौचालयात जादाचे पॅड ठेवायची जबाबदारी कोणाची. बैठक संपल्यावर एका ‘मा’ने माझा हात धरला, म्हणाली, “हे मला माझ्या ट्रेकला कोणी सांगितलं नव्हतं.”

वाद

एका नेत्याचा आग्रह होता की एक दिवस मुलांना अर्धपोटी ठेवावं आणि वाटेत मेलेल्या बाळांच्या आठवणीत बाहुली पुरण्याचा प्रसंग करावा, म्हणजे मुलांच्या मनाला भिडेल. हेतू चांगला होता. मी ठाम नाही म्हटलं. चौदा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवून गाडी ओढायला लावणं हे शरीराच्या दृष्टीने चूक आहेच, आणि ज्या मुलीच्या घरी गेल्याच वर्षी बाळ गेलं तिच्यासमोर बाहुली पुरणं हे मनाच्या दृष्टीनेही. अशी मुलगी त्या गटात होती, आणि त्या नेत्याला ते ठाऊक नव्हतं. स्टेकच्या अध्यक्षांनी दोन्ही गोष्टी बाद केल्या. चर्चच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनाही सुरक्षिततेवर भर देतात. त्यामुळे त्यांना निर्णय घेणं जड गेलं नाही.

मुलींनी एकट्यांनी गाडी चढावर नेण्याच्या प्रसंगावर मात्र चर्चा लांबली. पुरुषांना लष्करात बोलावलं, म्हणून बायकांनी गाड्या ओढल्या, असं तिथे सांगतात. पण ती लष्करी तुकडी, मॉर्मन बटालियन, १८४६ ची आणि हातगाड्या दहा वर्षांनंतरच्या. इतिहासाच्या बाईंनी सुचवलं की खरं सांगा: मार्टिनच्या काफिल्यात पुरुष वाटेत मेले, आणि बायकांनी गाड्या ओढल्या, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी त्याच काफिल्यातल्या पेशन्स लोडर या तरुणीची आठवण वाचून दाखवली. तिचे वडील वाटेत गेले होते. थंडीने गारठलेल्या मुली उठेनात, तेव्हा त्यांची आई समोर नाचायला लागली. नाचता नाचता पडली, मुली उठवायला धावल्या, आणि ती म्हणाली की मला तुम्हाला हलवायचंच होतं. अशा आठवणी असताना बनावट कारण कशाला?

तीन अठरा वर्षांच्या मुलांनी स्वीटवॉटरमधून सगळ्यांना उचलून नेलं आणि त्यातच पुढे ते दगावले, ही कथाही अशीच दुरुस्त करून सांगितली. इतिहासकारांनी कागद तपासून दाखवलं आहे की उचलणारे तिघांहून जास्त होते, सगळेच काही उचलून नेले गेले नाहीत, आणि ते तिघेही त्यानंतर अनेक वर्षं जगले. बर्फाच्या पाण्यात उतरून लोकांना नेलं, हे तर खरंच आहे. मुलांना तेवढं पुरलं.

ट्रेकवर

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वारा सुटला. आमच्या मुलीची गाडी रांगेत मागे होती. तिने ठरल्याप्रमाणे निघायच्या आधी इनहेलर घेतला, नाकातोंडाला ओला रुमाल बांधला. तासाभराने धाप सुरू झाली. तिने कोणी विचारायची वाट पाहिली नाही. हात वर केला, बाजूला बसली, योजनेप्रमाणे फवारे घेतले. पंधरा मिनिटांत श्वास बसला. ‘पा’ने तिची गाडी रांगेच्या पुढे नेली आणि पुढे दोन्ही दिवस ती तिथेच राहिली. हे नुसते लाड नाहीत, औषधाइतकंच गरजेचं आहे. धुळीचा दमा असलेल्या मुलाची जागा पहिल्या दिवसापासून पुढेच हवी.

उन्हाचा त्रास झाला तो फुटबॉल खेळणाऱ्या एका धट्ट्याकट्ट्या मुलाला. सकाळी काही खाल्लं नव्हतं, गाडीचा दांडा सोडत नव्हता. चक्कर येऊन खाली बसला. सावली, ओले कपडे, खारट सूप. संध्याकाळी गाडीमागे चालत होता, ओढू दिलं नाही. फोड आले, पण थोडे, आणि जवळजवळ सगळे त्या मुलांना ज्यांनी चुरचुर लागल्यावर थांबायचं टाळलं. एका मुलाचा घोटा मुरगळला.

जेवणाचं सांगायला हवं. स्वयंपाकाच्या मंडळींनी तिच्यासाठी लोखंडी भांड्यात राजमा आणि बटाट्याचा रस्सा वेगळा शिजवला. पहिल्या रात्री तो तिच्यापुरता होता; दुसऱ्या रात्री दुप्पट करावा लागला, कारण तिच्या ‘कुटुंबा’तली सगळी तोच मागत होती.

मुलींच्या चढावर तिने गाडी मागून ढकलली. वर पोचल्यावर तिला शब्द फुटत नव्हते, पण ती धाप दम्याची नव्हती. मी नाडी आणि श्वास तपासला. कोव्हमध्ये गाड्या बाहेर ठेवून पायी आत जातात. तिथे प्रत्येकाला आपल्या कार्डावरच्या माणसाबद्दल चार वाक्यं बोलायची होती. ती दोन मिनिटं बोलली: एलिझाबेथ मुंबईहून आली, विलीच्या काफिल्यात होती, त्यामुळे याच जागी अडकली नव्हती, तिचा बर्फ थोडा पुढे पश्चिमेला. ही दुरुस्ती तिने स्वतः केली. मार्टिनचे लोक इथे, विलीचे रॉकी रिज आणि रॉक क्रीककडे. मोठ्यांपैकी काहींनाही ते माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेसाठी

परतल्यावर स्टेकच्या मंडळींसोबत बसून आम्ही टिपण केलं. पूर्वजाचं नाव निवडण्याचं काम पहिल्या आठवड्यात, आणि ज्या घरात पायोनिअर नाहीत त्या मुलांशी नेत्यांनी आधी एकेकट्याने बोलायचं. बुटांची शेवटची तारीख पालकांना पत्राने. सामानाच्या यादीत पॅड, आणि मुलींची बैठक कायमची. दमा, मधुमेह, ॲलर्जी असलेल्या मुलांच्या लेखी योजना दोन आठवडे आधी हातात, नाहीतर बसमध्ये जागा नाही. गाड्यांचा क्रम लावताना आधी या मुलांच्या गाड्या. मोठ्यांसाठीही चालण्याचा सराव सक्तीचा. या वेळी सगळ्यात कमी सराव ‘पा’ मंडळींचा होता आणि माझ्याकडे नंतर कंबर धरून तेच आले.

त्या मुलीने स्टेकच्या ग्रंथालयासाठी एलिझाबेथवर दोन पानं लिहून दिली आहेत, इंग्रजीत, आणि पुण्याच्या आजीसाठी मराठीत. मराठी पानांवर आईने शुद्धलेखन तपासलं. आजीने फोनवर विचारलं की त्या बाईचं माहेर मुंबईत नेमकं कुठलं. आता आई आणि मुलगी त्या कामाला लागल्या आहेत.